बंदरात येतोय

भागूबाई खुर्चीच्या अगदी कडेला बसली. समोर टेबलावर यंत्र होतं. कान उघडा राहावा म्हणून तिनं डोक्यावरचा पदर मागे सारला. तिचा दीर महिपत दारातच उभा राहिला.

मांडवीच्या जेटीजवळच्या त्या खोलीत मुंबईहून आलेल्या साहेबांचं सामान अर्धं खोक्यांत गेलं होतं. सत्याऐंशी सालचे ते दिवस. समुद्रावरून वायरलेसनं बोलणं पाठवायचं तर ते आकड्यांत बसवून, दाबून लहान करावं लागतं. साहेब ते काम करणारं हे यंत्र तपासत होते आणि त्यासाठी त्यांनी उन्हाळाभर इथल्या खलाशांचे आवाज घेतले होते. भागूबाईचा नवरा गंगारामही एकदा बोलून गेला होता. पुढं नारळी पौर्णिमेनंतर होडी परत आली, गंगाराम आला नाही.

नवऱ्याचा आवाज त्या पेटीत आहे, हे भागूबाईला आज बाजारात कळलं. साहेब दुपारच्या गाडीनं निघालेत, हेही कळलं. मासळीची पाटी तिथंच टाकून ती आली होती.

साहेबांनी बटण दाबलं.

"मी गंगाराम. वारा फिरलाय. आम्ही बंदरात येतोय."

शब्द न शब्द स्पष्ट होता.

"ह्यो आमचा दादा?" महिपत म्हणाला. "ह्यो तर कोन पिंपात बसून बोलतोय."

भागूबाईनं पुन्हा लावायला सांगितलं. मग आणखी एकदा.

"बोलनं तेंचंच हाय," ती म्हणाली. "पन ते नाय त्यात."

महिपतनं यंत्रात घालायच्या आधीची, पहिली टेप मागितली. टेपा मोजक्याच होत्या, ती पुसून तिच्यावर पुढच्यांचे आवाज घेतले, असं साहेबांनी हळू आवाजात सांगितलं.

"वहिनी, समोरच्याला शब्द कळतील एवढंच आम्ही ठेवतो. बाकीचं काढून टाकावं लागतं."

"काय काढलंत?"

"श्वास. मधला थांबा. सुरुवातीला ते थोडे खाकरले होते, ते."

भागूबाई त्यांच्याकडे बघत राहिली. गंगाराम होडीवरून घरी आला की आधी दाराशी खाकरायचा, मग आत पाऊल टाकायचा. चुलीपुढं बसलेल्या तिला मागं वळून बघावं लागत नसे.

"चल वैनी," महिपत म्हणाला. "साहेबांना गाडी गाठायची हाय."

ती उठली नाही. तिनं मांडीवर हात ठेवले, डोळे मिटले आणि घशातून खाकरली. जाड, दमलेलं, दाराबाहेरून यावं तसं.

दारातला महिपत नकळत बाजूला सरला.

"आता लावा," ती म्हणाली.