दोघांचं शुल्क

कपडे दुरुस्त करणारी ती शिंपीण सहा वर्षं लोकांच्या चेनी बदलून, पँटी आखूड करून नागरिकत्वाच्या अर्जाचं शुल्क साठवत होती. ती जमवत आणायची तोवर सरकार ते वाढवायचं, की ही पुन्हा मशीनवर. शेवटी दोघांपुरतं जमलं, तेव्हा तिने पाकीट नवऱ्याच्या हातात ठेवलं.

“कागदपत्रांचं तू माझ्यावर सोड,” तो म्हणाला होता.

काल तो नवाकोरा पासपोर्ट घेऊन घरी आला. “तुझंही येईल गं, सरकारी काम आहे,” असं म्हणून त्याने तिची समजूत घातली. पण तिला राहवेना. सकाळी दुकान बंद ठेवून ती थेट कार्यालयात गेली.

खिडकीतल्या बाईंनी तिच्या नवऱ्याच्या अर्जाचा क्रमांक टाकला. “शुल्क तर एकट्याचंच भरलंय.”

“असं कसं? मी दोघांचं दिलं होतं!”

“त्यांच्या अर्जात ‘अविवाहित’ लिहिलंय. तसं शपथपत्रही जोडलंय.” बाईंनी आवाज खाली आणला. “हे खोटं निघालं तर त्यांचं नागरिकत्व जाईल, म्हणून विचारते. तुम्ही त्यांच्या कोण?”

सहा वर्षं मशीनवर वाकलेली तिची पाठ एकदम ठणकायला लागली. मागे रांग खोळंबली होती. तिने काचेच्या कडेला हात टेकला.



“बायको,” ती म्हणाली. “लिहून घ्या.”