फाट्यावरची मोजणी

फोन वाजला तेव्हा मोजणीदार एका ट्रकची रेघ ओढत होता. रेघ पुरी करून त्याने फोन घेतला. दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. पलीकडे मेहुणा होता.

"भाऊजी, ताई गेली. दवाखान्यात पोचायच्या आतच गेली, म्हणतात."

"कोण ताई?" मोजणीदाराने विचारलं. मेहुण्याला एकच बहीण होती.

थोड्या वेळाने त्याला न्यायला जीप आली. त्याने तिचीही रेघ ओढली, कागदांवर दगड ठेवला आणि मग जीपमध्ये बसला.

बावीस वर्षं तो रस्तेखात्यात गाड्या मोजत होता. चार उभ्या रेघा, पाचवी तिरकी. त्याचा आकडा कुणी परत तपासत नसे. या वेळी त्याला फाट्यावर बसवलं होतं. तिथून एक रुंद रस्ता बाजारपेठेकडे जाई आणि दुसरा वर. वरचा रस्ता नऊ किलोमीटरचा, अर्धा खड्ड्यांत गेलेला. त्याच्या टोकाला मोजणीदाराचं घर होतं.

रस्त्यांसाठी सरकारकडे पैसा पुरत नव्हता. नवीन कायदा येऊ घातला होता. जो गाडीचा कर भरतो त्याच्याच पैशातून रस्ते करायचे, आणि ज्या रस्त्यावर अशा गाड्या जास्त, त्यालाच पैसा द्यायचा. दिवसाला पन्नासच्या खाली गाड्या असल्या, तर तिथल्या लोकांनी आपलं आपण बघायचं. त्यासाठीच ही मोजणी होती. कर भरणाऱ्या गाड्याच मोजायच्या, बाकी काही नाही.

यावरून घरी रोज वाद होई. बायको शाळेचे गणवेश शिवायची. मशीनवरून मान वर न करता ती बोलायची.

"रस्ता खराब म्हणून गाड्या येत नाहीत. गाड्या येत नाहीत म्हणून रस्ता खराब. आधी कोंबडी की आधी अंडं, तेवढं तुमच्या साहेबांना विचारून या."

"साहेबांनी मोजायला सांगितलंय. अंडी उबवायला नाही."

"रोज दहा रेघा जास्त ओढल्या तर पेन्सिल झिजेल का तुमची?"

"खोटी रेघ मी ओढणार नाही."

"खोटी नको. मी कापड आणायला खाली येते, ती तरी धरा."

"तू सायकलवर येतेस. सायकलला कर नाही."

"म्हणजे मी आलेच नाही." ती हसली आणि दाताने दोरा तोडला.

ती गेल्यावर पंधरा दिवसांनी नव्या कायद्यावर जाहीर सुनावणी झाली. मोजणीदार इस्त्री न केलेला शर्ट घालून आला. मागच्या खुर्चीवर बसला. गणवेशांचा शेवटचा गठ्ठा अजून मशीनवर तसाच होता.

ट्रकमालकांचा पुढारी आधी बोलला. "आम्ही कर भरायचा, आणि जिथे कुत्रं फिरकत नाही तिथे डांबर पडायचं? हा कुठला न्याय?" लोक हसले. मग वरच्या गावच्या निवृत्त मास्तरीणबाई उठल्या. त्या म्हणाल्या, "रस्ता काय फक्त गाडीवाल्याचा असतो? ज्याला कधीतरीच लागतो, त्याला तो जिवावर बेतल्यावरच लागतो." त्यांना हसलं कुणी नाही, पण फारसं ऐकलंही नाही. अध्यक्षबाईंनी घड्याळ पाहिलं आणि मोजणीदाराला पुढे बोलावलं.

"वरच्या रस्त्यावर दिवसाला एक्केचाळीस गाड्या. आकडा बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे, बाई."

"काही चूक?"

मोजणीदाराने पिशवीतून घडी घातलेला कागद काढला आणि टेबलावर उलगडला. "हा शेवटच्या दिवसाचा कागद. यात दोन रेघा कमी आहेत."

पुढारी म्हणाला, "आता आठवलं होय काका? पन्नास करायला अजून सात कमीच पडतील."

"कुठल्या गाड्या?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"गाडी एकच. एकदा वर जाताना, एकदा खाली येताना. रुग्णवाहिका."

"तिला कर नसतो. ती मोजायची नसते."

"माहीत आहे, म्हणून तर मोजली नाही. सव्वाअकराला भोंगा वाजवत वर गेली. मी पेन्सिल उचलली, कुठली गाडी ते बघितलं आणि परत खाली ठेवली. पावणेदोनला खाली आली. अठरा किलोमीटरला अडीच तास. येताना भोंगा बंद होता. मला वाटलं, सुटलं बिचारं कुणीतरी. आणि मी मागच्या ट्रककडे बघायला लागलो."

कागदाची घडी त्याने बोटाने सपाट केली.

"आत माझी बायको होती."

पुढारी खाली बसला. अध्यक्षबाईंनी स्वतःचं पेन उघडून मोजणीदारापुढे धरलं.

"ओढा, काका. मी सही करते."

मोजणीदाराने पेन हातात घेतलं. ट्रकचा रकाना होता. बसचा होता, मोटारीचा होता, दुचाकीचा होता. त्याने कागद वरपासून खालपर्यंत दोनदा पाहिला. मग पेनाला टोपण लावून परत दिलं.

त्या दोन रेघा अजून ओढायच्या राहिल्या आहेत.