दोनदा आगमन

लीलाधरनं बोट जिभेला लावलं आणि पासपोर्टचं पान उलटलं. पुन्हा बोट, पुन्हा जीभ, पुढचं पान. श्रीकांतला शिसारी आली. मस्कतमध्ये दोन वर्षं लोकांचे एसी दुरुस्त करताना हा पासपोर्ट मालकाच्या कपाटात कुलूपबंद होता. तिथं निदान कोरडा तरी होता.

"गडबड है," लीलाधर म्हणाला. बुऱ्हाणपूरच्या लालबागेत परदेशी जाणाऱ्यांची कामं तोच करायचा. "जाताना मुंबईला तुला 'प्रस्थान'चा शिक्का मारायला पाहिजे होता. त्या साहेबानं 'आगमन'चा मारला. आता रजेवर येताना पुन्हा आगमन. म्हणजे कागदावर तू दोनदा आलास. गेला एकदाही नाहीस."

"पण मी गेलो होतो. मस्कतचा शिक्का आहे ना समोर."

"वो उनका शिक्का है. आपला साहेब परक्याचा शिक्का मानेल की आपला?" त्यानं कोपऱ्यातल्या डब्याकडे पिंक टाकली. ती डब्याला लागली, आत मात्र गेली नाही. "एअरपोर्टवर बसवून ठेवतील. विमान निघून जाईल. तुझ्या जागी दुसरा कोणी एसी खोलेल."

नोकरी जाईल या भीतीनंच श्रीकांतची सगळी रजा नासली होती. तो जेवताना पासपोर्ट मांडीवर ठेवायचा. पाक लागेल म्हणून त्यानं घरी आल्यापासून मावा जलेबीला हात लावला नव्हता. कंपनीनं उशीर झाल्यास येऊ नये असं आधीच कळवलं होतं, तेही फार प्रेमानं.

लीलाधरकडे उपाय होता. दोन शेजाऱ्यांनी प्रतिज्ञापत्रावर सही करायची, की हा मनुष्य दोन वर्षं बुऱ्हाणपुरात नव्हता. श्रीकांतला हायसं वाटलं. आपण नव्हतो एवढंच तर सांगायचं. त्याला गल्लीतलं कोणीही चाललं असतं.

मोतीकाका त्यांच्या लूमच्या शेडबाहेर पायाची नखं काढत बसले होते. त्यांनी कागद त्याच पायावर ठेवून वाचला आणि परत दिला.

"मी नाही सही करणार."

"का, काका?"

"खोटं हाय म्हणून. तुझा बाप गेला तेव्हा मी घाटावर होतो ना. तुले पाहिलं. मुंडण केलेलं, अंगावर उपरणं. अग्नी तूच दिला."

"मी नव्हतो, काका. मालकानं पासपोर्टच दिला नाही. बाबा गेल्याचं मला फोनवर कळलं."

मोतीकाकांनी त्याच्याकडे पाहिलं. श्रीकांतनं सकाळी लीलाधरच्या डब्याकडे तसंच पाहिलं होतं.

"नोकरीसाठी लोक काय काय म्हणतात. पण बापाले अग्नी दिलाच नाही म्हणणारा मी पहिलाच पाहतो."

पलीकडच्या घरातल्या लोटूअप्पांनी तर त्याला नुसतं पाहिलं नव्हतं, त्याच्याशी ते बोललेही होते. "मी विचारलं, कसा आला रे? तू म्हणाला, विमानानं. विमानात उपमा देतात म्हणाला. भूल गया क्या?"

श्रीकांत म्हणाला की विमानात उपमा देत नाहीत. लोटूअप्पा म्हणाले की तेव्हा देत असतील.

दुपारपर्यंत गल्लीभर झालं. समोरच्या मालूबाईंनी त्याला येताना पाहिलं आणि अर्धं दार लावून घेतलं. उरलेल्या अर्ध्यातून त्या पाहत राहिल्या. तो त्या दिवसांत बुऱ्हाणपुरातच होता, यावर सरकार आणि लालबाग यांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं. विरोधात फक्त तो एकटा होता, आणि त्याच्याकडे पुरावा नव्हता.

घरी त्याची आई, गोदाबाई, मेथी निवडत बसली होती. त्यानं आईसमोर कागद टाकला आणि सगळं सांगितलं. तिनं मान वर केली नाही.

"तो अरविंद होता," ती म्हणाली. अरविंद म्हणजे तुकईथडचा चुलतभाऊ. "मुंडण केल्यावर तुझ्यासारखाच दिसतो. लोक म्हणाले, श्रीकांत आला, बरं झालं. मी हो म्हणाले."

"हो म्हणालीस?"

"पुढेही कोणी विचारलं की म्हणायची, आला होता, दुसऱ्या दिवशी गेला."

श्रीकांतचं डोकं फिरलं. "चार लोक काय म्हणतील म्हणून? बापाच्या मयतीतही? मला या गावाची किळस येते, आई. थुंकी लावून कागद बघतात, नखं काढत शपथा घेतात, आणि वर मी खोटा. मी विमानात उपमा खाल्ला म्हणे."

"उपम्याचं मी नाही सांगितलं," आई म्हणाली.

"आत्ताच्या आत्ता माझ्याबरोबर चल. मोतीकाकांना सांग, तू खोटं बोललीस. लोटूअप्पांनाही सांग. नाहीतर माझी नोकरी गेली."

त्याला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर भांडेल. तिनं मेथीचं सूप बाजूला सारलं, हात पदराला पुसले आणि उठली. दारात चपला घालताना एकदा भिंतीला हात टेकला.

"सांगते ना. ज्याला म्हणशील त्याला सांगते. नाव जाईल, जाऊ दे," ती म्हणाली. "पण लोकांना मी नंतर सांगितलं रे. आधी तुझ्या बाबांना सांगितलं होतं. त्यांना शेवटी काही दिसत नव्हतं, सारखं तुझंच विचारत होते. मी अरविंदचा हात त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, घ्या, श्रीकांत आला."