बायजाबाईंची साक्ष

पाळकसाहेबांनी माइक बायजाबाई साळव्यांच्या हातात दिला आणि शेजारी बसलेल्या प्रितमनं मान खाली घातली. आता आई उठणार, पदर सावरणार आणि त्याच्या गेलेल्या पायाबद्दल देवाचे आभार मानणार. सकाळीच त्यानं तिला बजावलं होतं, "आज पायाचे आभार मानलेस तर मी नगरला मामाकडं निघून जाईन. मग न्यायला येऊ नकोस." बायजाबाई चहा गाळत राहिल्या होत्या.

उपकारस्तुतीचा रविवार होता. कोपरखैरण्याच्या शाळेचा हॉल तेवढ्यापुरता चर्च झाला होता. पुढच्या टेबलावर लाल भोपळे, केळ्यांचे घड आणि तांदळाच्या पिशव्या मांडल्या होत्या. मार्केटमध्ये हमाली करणाऱ्यांनी कांद्याची गोणीच आणून टेकवली होती. मंडळीची रीत ठरलेली. घरटी एकानं उभं राहायचं, वर्षभरात जे वाट्याला आलं त्याचे आभार मानायचे आणि बाकीच्यांनी दणक्यात आमेन म्हणायचं.

आणि आभार मानण्यात बायजाबाईंचा हात कोण धरणार? नळाला पाणी आलं नाही, आभार, आज धुण्याला सुट्टी. लाइट गेली, आभार, टीव्ही बंद झाला, माणसं दोन शब्द बोलली. शेजारची काशी साताऱ्याकडची, देव वेगळा पण जीभ तशीच तिखट. ती मुद्दाम दारात येऊन म्हणायची, "बायजाबाय, माजी भाजी करपली बगा. घ्या मानून आभार."

"मानले की," बायजाबाई म्हणायच्या. "पातेलं तरी शाबूत हाय न्हवं?"

नवरा सिताराम गेला तेव्हाही मातीवरून घरी आल्या आणि म्हणाल्या, त्याचा खोकला थांबला, प्रभूचे आभार. लोक म्हणायचे, काय बाईचा विश्वास आहे. खरं सांगायचं तर काहींना त्या विश्वासाची जरा धास्तीच वाटायची. ह्या बाईला रडू येतं की नाही, असं बायका आपसात बोलायच्या.

मग ह्या उन्हाळ्यात ठाणे-बेलापूर रस्त्यावर टेम्पो उलटला. आत प्रितम होता. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, पोरगा वाचला, पण डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. बायजाबाईंच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "प्रभू, तुझे आभार."

त्याच वेळी स्ट्रेचर बाहेर येत होतं. प्रितम अर्धवट शुद्धीत होता. पाय गेल्याचं त्यानं ऐकलं आणि पाठोपाठ आईचे आभार ऐकले. कबड्डीत चढाईला गेला की तळवलीची पोरं त्याला धरता धरता घामाघूम व्हायची, असा हा गडी. तेव्हापासून तो आईशी कामापुरतं बोलायचा. भाकरी वाढ. पाणी दे. घरात प्रार्थना सुरू झाली की भिंतीकडं तोंड करून पडायचा. भेटायला येणारेही सगळे एकाच माळेचे मणी. जिवावर बेतलं होतं, पायावर भागलं, आभार मान पोरा. प्रितमला वाटायचं, ह्यांचा एकेकाचा पाय जाऊ दे, मग बघतो किती आभार मानतात.

बायजाबाई उठल्या. मंडळी सरसावून बसली. आमेन सगळ्यांच्या ओठांवर तयारच होतं.

"प्रभू," त्या म्हणाल्या, "माज्या पोराचा पाय गेला. त्याचे आभार मी मानणार न्हाई."

पाळकसाहेबांनी चष्मा काढला आणि परत घातला. प्रितमनं मान वर केली.

"सितारामाच्या टायमाला मानले. मनापासून मानले. लई हाल सोसले होते त्यानं, सुटला. पन हे पोर तर पळत हुतं. पळत्या पोराचा पाय न्यायचं काय कारण हुतं तुला?" बायजाबाईंचा आवाज कापला नाही. गालांवरून पाणी मात्र वाहत होतं, आणि ते पुसायची त्यांना शुद्ध नव्हती. "मला तुजा राग आलाय. दुसऱ्या कुनाला सांगू? तूच हायेस, म्हून तुलाच सांगते. दरसाल आभार आनते, औंदा राग आनलाय. त्यो घे ठिवून."

त्या मटकन खाली बसल्या.

पाळकसाहेब धर्मराज भला माणूस. अशा वेळी काय म्हणायचं हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. ते वाकून हळूच म्हणाले, "बायजाबाई, शेवटी आभाराचा एक शब्द तरी घाला. रीत आहे."

"आज न्हाई जी," बायजाबाई म्हणाल्या. "आज खोटं हुईल."

कुणीतरी खोकलं. मागं एक लेकरू रडायला लागलं, त्याला त्याच्या आईनं बाहेर नेलं. साळव्यांच्या घरचा विश्वास गेला, असं बऱ्याच जणांच्या मनात येऊन गेलं. तेवढ्यात प्रितमनं आईच्या मांडीवरचा माइक उचलला आणि कुबडीवर भार देऊन तो उभा राहिला. पाळकसाहेब त्याला धरायला पुढं आले. त्यानं मानेनंच नको म्हटलं.

"पाय गेल्यापासून मी प्रार्थना केली नाही," तो म्हणाला. "मला वाटायचं, देवाच्या बाजूनं सगळे आहेत, माझ्या बाजूनं कुणीच नाही. आईसुद्धा नाही."

त्यानं एकदा आईकडं पाहिलं. मग डोळे मिटले.

"प्रभू, आज माझ्या आईनं तुझे आभार मानले नाहीत. त्याबद्दल तुझे आभार."