डावी मूठ

संग्रहालयाच्या तळमजल्यावर, लांब टेबलावर तज्ज्ञबाईंनी तलवारीचे तीन भाग सुटे करून मांडले होते. पातं, मूठ आणि म्यान. भाच्याचा पाय काही ठरत नव्हता. आत्या मात्र भिंतीकडच्या स्टुलावर, तलवारीपासून जमेल तेवढी लांब बसली होती. तेराव्या वर्षी हीच तलवार परसात फिरवताना वडिलांनी तिला पकडलं होतं. एक अक्षर न बोलता त्यांनी ती तिच्या हातातून काढून घेतली आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. त्यानंतर आत्याने त्या कपाटाचं नावही काढलं नव्हतं.

"पातं जुनं आहे," बाई म्हणाल्या. "दीडशे वर्षांचं तरी असेल. घोडेस्वारांना द्यायचे तसलं. म्यान दुसऱ्याच तलवारीचं, चांगलं चार बोटं लांब. आणि मूठ तर अलीकडची, कुणा साध्या लोहाराच्या हातची."

"म्हणजे एक ना धड, भाराभर चिंध्या!" भाच्याचं तोंड उतरलं. खापरपणजोबांनी लढाईत गाजवलेली तलवार, असं तो गावभर सांगून बसला होता. "मग तुम्ही नाही घेणार?"

"संग्रहालय नाही घेणार. पण या मुठीने मला दोन दिवस भंडावून सोडलंय. जरा धरून बघा."

त्यांनी मूठ पात्यावर चढवून तलवार त्याच्या हातात दिली. भाच्याची दोन बोटं बाहेरच राहिली. वर मुठीचं कडं पेरांत असं रुतलं की तो "आई गं!" करून मोकळा झाला.

"ते कडं अंगठ्यासाठी असतं," बाई हसल्या. "ते उलट्या बाजूला बघून मला वाटलं, लोहार चुकला. पण नाही चुकला तो. ही मूठ डावखुऱ्या हातासाठी केलीये, आणि तो हात लहान आहे. आतल्या अंगाला सालही कोरलंय." त्यांनी साल वाचून दाखवलं. "तुमच्या घरात होतं का कुणी डावखुरं?"

"छे हो, आमच्याकडे कोण..." भाचा बोलता बोलता थांबला.

आत्या डाव्या हाताने चष्मा पुसत होती. पुसून झालेला चष्मा पुन्हा पुसत होती. त्या साली ती चौदाची होती.

"बाबांनी माप घेतलं होतं माझ्या हाताचं," ती सावकाश म्हणाली. "कागदावर पंजा ठेवायला लावला आणि भोवतीने पेन्सिल फिरवली. म्हणाले, थंडी येतेय, तुला हातमोजे शिवून घेऊ. थंडी आली नि गेली, हातमोज्यांचा पत्ता नाही. महिनाभर अबोला धरला होता मी त्यांच्याशी."

भाच्याला राहवेना. "अगं, पण एवढी हौसेने करून घेतली, तर दिली का नाही तुला?"

"मी मागेन म्हणून वाट बघत असतील."

"मग तू का नाही मागितलीस?"

"मला वाटलं, अजून रागावलेत." आत्याने चष्मा डोळ्यांवर चढवला. "ते तोंड उघडायचे नाहीत, आणि मीही त्यांचीच लेक."

भाच्याने तलवार दोन्ही हातांवर आडवी धरली आणि तिच्यापुढे नेली. "घे. तुझीच आहे ती."

आत्या उठून उभी राहिली. तिने डावा हात पुढे केला. अंगठा आपोआप कड्यात गेला आणि तीन बोटं मुठीवर अलगद बसली. करंगळी तेवढी बाहेर राहिली. तिने ती दुमडून पाहिली, सरकवून पाहिली, पण मावेना.

"हात वाढला, बाबा," ती मुठीला म्हणाली.