ज्योतिबा डायवर

दारावर एक थाप पडली. रचनानं ब्रेक दाबला.

ट्रकचं पुढचं चाक खड्ड्याच्या अगदी काठावर थांबलं होतं. डाव्या खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून तिचे वडील, आप्पा, खाली बघत होते. मग त्यांनी दारावर दोन थापा मारल्या. एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल, एवढं रचना आता पुरतं शिकली होती. तिनं गाडी हळूच खड्ड्यात उतरवली आणि पलीकडून वर काढली. हौद्यातल्या वाळूच्या पोत्यांनी तेवढी कुरकुर केली.

कोगनोळीच्या बाजूच्या एका खासगी माळावर निपाणीच्या क्लबनं ही ट्रकची स्पर्धा भरवली होती. रस्ता असा नव्हताच. दगड, चिखल, मधेच एक ओढा. रचना हौशी गटात होती. एरवी ती बेळगावात कॅम्पातल्या एका शाळेत गणित शिकवायची. ट्रक तिच्या भावाचा, ओमकारचा. एक जरी ओरखडा आला तर माहेर बंद, असं त्यानं निघतानाच बजावलं होतं.

खरं सांगायचं तर रचनाला बक्षिसाशी काही देणंघेणं नव्हतं. तिला फक्त एकदा आपल्या बापाला गाडी चालवताना बघायचं होतं.

ज्योतिबा डायवर म्हटलं की गावातलं शेंबडं पोरही घर दाखवायचं. निपाणीच्या एका तंबाखूच्या पेढीच्या गाडीवर आप्पांचं सारं आयुष्य गेलेलं. घाटांच्या गोष्टी सांगायला लागले की ताटातलं जेवण निवून जायचं. कुठल्या वळणावरचा मैलाचा दगड कललाय, कुठल्या आंब्याची फांदी खिडकीतल्या कोपराला घासते, सगळं तोंडपाठ. पण पोरांनी त्यांना स्टेअरिंगवर कधी पाहिलंच नाही. गाडी पेढीच्या आवारात राहायची आणि आप्पा घरी यायचे एसटीनं.

पुढं नोकरी सुटली, त्याच आठवड्यात आप्पा सौंदत्तीला जाऊन आले. पुन्हा रस्त्यावर स्टेअरिंग धरणार नाही, अशी यल्लम्माची शपथ घेतली म्हणाले. ओमकारनं ट्रक घेतला तेव्हा नारळ त्यांनी फोडला, पण लिंबावरून चाक न्यायला ओमकारलाच बसवलं. माणूस शब्दाचा पक्का, असं सगळं गाव म्हणालं. आईला, मंगलला, काही विचारावं तर ती “तुझ्या बापालाच इचार” म्हणायची आणि पीठ मळायला घ्यायची.

कसे बसत असतील आप्पा? एका हातानं वळवत असतील की दोन्ही? घाटात गाणी म्हणत असतील का? हे कुतूहल लहानपणापासून रचनाच्या डोक्यात घर करून बसलं होतं. आता आप्पांचे गुडघे कुरकुरायला लागले होते. आज नाही तर कधीच नाही, असं तिला वाटायचं.

म्हणून तर तिनं हा डाव मांडला होता. स्पर्धेचा शेवटचा टप्पा शेजारी बसलेल्यानं चालवायचा, असा नियम होता. तो तिनं आप्पांना कळूच दिला नाही. शेजारी बसाल का, एवढंच विचारलं. आप्पा एका पायावर तयार झाले. धोतराला इस्त्री करून घेतली.

ओढ्यात दोन ट्रक रुतून बसले होते. रचनाचा हात गिअरकडं गेला.

“आता गिअर बदलू नगंस,” आप्पा म्हणाले. “पाय हाय तसा ठेव. गाडी तिचं तिचं बघतीया.”

गाडीनं तिचं तिचं बघितलं. ट्रक पाणी कापत वर आला आणि माळावर शिट्ट्या वाजल्या. समोर लाल झेंडा धरून पंच उभा होता, त्याच्यापुढं एक चढ. तेवढा चढला की हौशी गटाचं पहिलं बक्षीस त्यांचंच. रचनानं झेंड्यापाशी इंजिन बंद केलं आणि आप्पांना नियम सांगून टाकला.

आप्पांनी मान वर करून चढ पाहिला.

“माझी शपथ हाय,” ते म्हणाले.

“ती रस्त्याची, आप्पा. ह्यो माळ हाय.”

गणिताच्या बाईपुढं कुणाचं काय चालणार? तरी त्यांनी गुडघा दुखतोय म्हणून सांगून पाहिलं. तुझाच हात चांगला बसलाय, तूच ने, असंही म्हणून झालं. तोवर लाउडस्पीकरवर त्यांचं नाव पुकारलं गेलं. टेम्पो करून आलेलं गाव उठून उभं राहिलं. ओमकारनं मोबाईल वर धरला.

“आप्पा, मला एकदा बघायचंय तुमाला,” रचना म्हणाली. “बारकी असल्यापासनं बघायचंय.”

आप्पांनी तिच्याकडं पाहिलं. ते खाली उतरले, ट्रकला पुढून वळसा घालून आले आणि उजव्या बाजूनं वर चढले. रचना डावीकडं सरकली. तिचे डोळे भरून आले होते. इतक्या वर्षांची हौस आज फिटणार म्हणून तिला हसूही येत होतं.

आप्पांनी खांद्यावरच्या टॉवेलनं स्टेअरिंग पुसलं. दोन्ही हात त्याच्यावर ठेवले. माळावर सगळे चिडीचूप झाले. पंचानं सुटायचा झेंडा खाली केला, तरी ते हलले नाहीत. देवीचं नाव घेत असतील, असं रचनाला वाटलं. मग त्यांनी गर्दीच्या बाजूची काच वर केली आणि तिच्याकडं झुकले.

“जनमभर क्लीनरच हुतो गं मी,” आप्पा हळूच म्हणाले. “आता सांग, आधी काय दाबू?”