झोपमोड

पाण्याचा फवारा दाढेवर पडला आणि ती खुर्चीतून अर्धी उठली. तिची पर्स सांभाळत उभा असलेला नवराही दचकला.

"कळ गेली ना? सांगायचं नाही का, ताई?" दाताच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी दिवा खाली ओढून पुन्हा तोंडात पाहिलं. "किती कोरडं पडलंय तोंड! जीभ टाळूला चिकटतेय."

"खरं तर माझं पडायला हवं," नवरा हसत म्हणाला. त्याचं केशकर्तनालय होतं. "दिवसभर गिऱ्हाइकांशी बडबड मी करतो."

"काही औषधं चालू आहेत?"

"छे! ठणठणीत आहे ती," त्यानेच उत्तर दिलं.

तिने हात पुढे केला, पर्स घेतली आणि आतल्या कप्प्यातून गोळ्यांचं पाकीट काढून डॉक्टरीणबाईंना दिलं. तो बघतच राहिला. त्याने ते कधी पाहिलं नव्हतं.

"मन थाऱ्यावर राहावं म्हणून देतात या. यांनीच कोरड पडते," बाईंचा आवाज उतरला. "कधीपासून घेताय?"

"मुलगी गेल्यापासून."

त्याने मान खाली घातली. स्मशानातून आल्यावर तोच तिला म्हणाला होता, "आता रडायचं नाही. रडून येणार आहे का ती?" ती त्यानंतर रडली नाही. बायको भलती खंबीर आहे माझी, असं तो दुकानात येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा.

"दातही फार झिजलेत. म्हणून गार-गरम सोसत नाही. झोपेत दात खाता का?"

"झोपेत नाही हो," ती सहज म्हणाली. "जागीच असते. हुंदका येतो, मग दात घट्ट दाबून धरते. यांची झोपमोड होते ना. सकाळी दुकान उघडायचं असतं."

बाईंनी दिवा बाजूला सारला. कोमट पाणी घोटघोट पीत राहा, मऊ ब्रश वापरा, एवढं त्यांनी शेवटी सांगितलं.

जिन्यात तो मधेच थांबला. त्याने कठडा धरला.

"मी झोपलेला नसतो गं," तो म्हणाला. "भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. दोघं तिथेच पायरीवर बसले आणि ती मोठ्याने, तोंड उघडं टाकून रडली. वर येणारी माणसं अंग चोरून, भिंतीला लागून पुढे जात राहिली.